झूम भिंगाची निवड

अंकीय कॅमेरा आता अनेक घरांत व शाळांत पोहोचला आहे. कॅमेऱ्याबरोबर मिळालेले लहानसे भिंग काही महिने वापरले, की नवशिक्याला दुसरे भिंग घ्यावेसे वाटू लागते. तो दुकानात जातो आणि गोंधळतो. एका झूम भिंगाची ‘अकरा पट’ म्हणून वाखाणणी होत असते, तर शेजारचे केवळ ‘तीन पट’ असूनही अधिक किमतीचे असते. अशा वेळी पुष्कळ जण मोठा आकडा पाहून खरेदी करतात आणि पुढे ते भिंग कपाटात पडून राहते. पैसा तर जातोच, पण ‘आपल्याला छायाचित्रे काढता येत नाहीत’ असा समज होऊन उत्साहही जातो. वास्तविक दोष हाताचा नसतो, निवडीचा असतो. ही निवड शालेय प्रकाशविज्ञानाच्या आधारे कशी करावी, हे येथे पाहू.

केंद्रांतर व दृश्यकोन

सूर्यासारख्या अतिदूरच्या वस्तूची प्रतिमा बहिर्गोल भिंगापासून जेवढ्या अंतरावर स्पष्ट उमटते, त्या अंतराला भिंगाचे केंद्रांतर म्हणतात. पाठ्यपुस्तकांत यालाच नाभीय अंतर असे नाव आहे. कॅमेऱ्याच्या भिंगावर ते मिलिमीटरमध्ये दिलेले असते. केंद्रांतर दुप्पट झाले, की दूरच्या वस्तूची प्रतिमाही दुप्पट मोठी होते. मात्र प्रतिमा टिपणाऱ्या संवेदकाचे आकारमान तेवढेच असल्यामुळे चौकटीत मावणारे दृश्य आडव्या व उभ्या दोन्ही दिशांनी निम्मे होते. सारांश, लहान केंद्रांतराचे भिंग पुष्कळ पाहते, पण लहान पाहते. मोठ्या केंद्रांतराचे भिंग थोडे पाहते, पण मोठे पाहते.

नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांतील संवेदक सुमारे २३.५ मिमी रुंद व १५.६ मिमी उंच असतो. त्यापुढे १८ मिमी केंद्रांतराचे भिंग लावल्यास आडवा दृश्यकोन सुमारे ६६ अंश, ५५ मिमीला सुमारे २४ अंश आणि २०० मिमीला सात अंशांहूनही कमी भरतो. जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ मिमी रुंदीचा संवेदक असेल, तर तोच दृश्यकोन मिळविण्यासाठी दीडपट केंद्रांतर लागते. म्हणून ‘माझ्या मित्राकडे इतक्या मिलिमीटरचे भिंग आहे’ एवढे ऐकून निर्णय करू नये; त्याच्या कॅमेऱ्यातील संवेदक केवढा आहे, हेही विचारावे.

झूम भिंगाची रचना

एका साध्या भिंगाचे केंद्रांतर बदलता येत नाही. परंतु दोन भिंगे एकापुढे एक ठेवली, तर त्या जोडीचे केंद्रांतर त्यांच्यामधील अंतरावर अवलंबून राहते. समजा, पुढे १०० मिमी केंद्रांतराचे बहिर्गोल भिंग आहे आणि मागे ५० मिमी केंद्रांतराचे अंतर्गोल भिंग आहे. दोहोंत ७० मिमी अंतर ठेवल्यास जोडीचे केंद्रांतर २५० मिमी येते. तेच अंतर ९० मिमी केल्यास ते १२५ मिमी होते. केवळ २० मिमीच्या सरकण्याने केंद्रांतर निम्मे झाले! उच्च माध्यमिक वर्गाच्या विद्यार्थ्यांनी भिंगांच्या संयोगाचे सूत्र वापरून हा हिशेब स्वतः करून पाहावा.

येथे एक अडचण उद्भवते. पहिल्या स्थितीत प्रतिमा मागील भिंगापासून ७५ मिमीवर, तर दुसऱ्या स्थितीत १२.५ मिमीवर पडते. संवेदक तर जागचा हलत नाही. म्हणून दोन्ही भिंगे ठरावीक प्रमाणात एकदम सरकवावी लागतात. झूमचे कडे फिरवताना भिंगाची नळी लांब किंवा आखूड होते, त्याचे कारण बहुधा हेच असते. प्रत्यक्ष झूम भिंगात दोनच्या जागी अनेक भिंगांचे गट असतात, कारण प्रत्येक स्थितीत रंगदोष आणि कडांची वक्रता आवरावयाची असते.

ही युक्ती नवी नाही. क्लाइल अ‍ॅलन याने १९०२ साली अमेरिकेत अशा भिंगाचे पेटंट घेतले होते. १९३२ साली चलच्चित्रणासाठी ४० ते १२० मिमीचे ‘कुक व्हारो’ हे भिंग निघाले. ३५ मिमी फिल्मच्या स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठी विक्रीस आलेले पहिले झूम भिंग म्हणजे १९५९ मधील ‘फोइग्टलेंडर झूमार’. त्याचे केंद्रांतर ३६ ते ८२ मिमी होते. आज नवशिक्याच्या कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८ ते ५५ मिमी भिंगाचा दृश्यकोन फिल्मच्या मापाने २७ ते ८२ मिमीच्या भिंगाइतका असतो. एके काळी नवलाची ठरलेली वस्तू आपल्या हाती आधीच आहे, हे दुसरे भिंग घेण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

‘पट’ या शब्दाचा अर्थ

झूम भिंगाच्या सर्वांत मोठ्या केंद्रांतरास सर्वांत लहान केंद्रांतराने भागले, की ‘पट’ मिळते. १८ ते ५५ मिमीचे भिंग तीन पट. १८ ते २०० मिमीचे अकरा पट. परंतु १०० ते ३०० मिमीचे भिंगही तीन पटच असते, आणि ते १८ ते ५५ मिमीच्या भिंगापेक्षा कितीतरी दूरचे टिपते. यावरून ‘पट’ हा आकडा पल्ला सांगत नाही, गुणवत्ता तर मुळीच सांगत नाही, हे उघड होईल. किंबहुना पट जितकी मोठी, तितकी सर्व केंद्रांतरांवर सारखी सुस्पष्ट प्रतिमा देणे भिंगकाराला कठीण जाते.

‘अंकीय झूम’ म्हणजे तर खरा झूमच नव्हे. त्यात कॅमेरा प्रतिमेचा मधला भाग कापून मोठा करून दाखवितो. ६००० गुणिले ४००० पिक्सेलच्या चित्रावर दोन पट अंकीय झूम केला, तर ३००० गुणिले २००० पिक्सेल, म्हणजे मूळच्या केवळ एक चतुर्थांश पिक्सेल उरतात. हे काम घरी संगणकावरही करता येते. त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

अंतराचा हिशेब

किती केंद्रांतर लागेल, हे अंदाजाने ठरवू नये. चौकटीत मावणारी रुंदी काढण्याची रीत सोपी आहे: संवेदकाच्या रुंदीला वस्तूच्या अंतराने गुणावे आणि केंद्रांतराने भागावे. तळ्याकाठी २० मीटरवर बसलेल्या खंड्या पक्ष्याचे चित्र काढावयाचे आहे असे समजा. २०० मिमीच्या भिंगाने तेथे सुमारे २.३५ मीटर रुंदीचे दृश्य मिळेल. खंड्याची लांबी सुमारे २८ सेंटिमीटर. म्हणजे तो चौकटीच्या आठव्या हिश्श्याएवढा दिसेल. ३०० मिमीचे भिंग घेतल्यास हे प्रमाण सहाव्या हिश्श्याच्या थोडे वर जाईल. पण पक्ष्याला न बिचकविता १० मीटरपर्यंत जाता आले, तर २०० मिमीच्या भिंगानेच तो चौकटीचा जवळजवळ चौथा हिस्सा व्यापील. अंतर निम्मे करणे हे केंद्रांतर दुप्पट करण्याइतकेच फलदायी असते, आणि त्याला धैर्याखेरीज काही लागत नाही. पिल्ले असलेल्या घरट्याजवळ मात्र कधीही जाऊ नये.

प्रकाशाचा हिशेब

भिंगावर ‘१:३.५–५.६’ असे आणखी दोन आकडे कोरलेले असतात. नवशिक्या यांच्याकडे दुर्लक्ष करतो. अनुभवी मनुष्य आधी हेच पाहतो. केंद्रांतरास प्रकाशाच्या छिद्राच्या व्यासाने भागले, की हा आकडा मिळतो. तो जितका लहान, तितका प्रकाश अधिक. प्रकाशाचे प्रमाण या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून वरील भिंग १८ मिमीवरून ५५ मिमीवर नेले, की संवेदकावर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता सुमारे दोन पंचमांश उरते.

२.८ आणि ५.६ या दोन आकड्यांत प्रकाशाचा फरक चौपट आहे. जेथे २.८ ला सेकंदाचा १२५ वा भाग पुरतो, तेथे ५.६ ला सुमारे ३० वा भाग लागेल. तेवढ्या वेळात नर्तिकेचा हात बराच पुढे गेलेला असतो आणि चित्रात तो पुसट रेघेसारखा उमटतो. कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवून वेळ कमी करता येते, परंतु मग चित्रात रवाळपणा येतो.

असे असता सर्वच भिंगे २.८ ची का करीत नाहीत? ३०० मिमीच्या भिंगाला ५.६ साठी सुमारे ५४ मिमी व्यासाचे छिद्र पुरते, २.८ साठी ते १०७ मिमी लागते. एवढी मोठी काच निर्दोष घडविणे खर्चाचे असते आणि ती हातात पेलणेही अवघड असते. तीन पट झूम अकरा पटीहून महाग का असतो, या आरंभीच्या कोड्याचे उत्तर बहुधा येथेच सापडते. पल्ला, प्रकाश आणि हलकेपणा या तिन्ही गोष्टी थोड्या पैशांत एकाच भिंगात मिळत नाहीत. त्यांतील कोणती सोडावयाची, हे ठरविणे म्हणजेच भिंगाची निवड.

हाताचा कंप

केंद्रांतर वाढले, की हाताचा कंपही त्याच प्रमाणात मोठा दिसतो. येथे एक जुना ठोकताळा उपयोगी पडतो: फिल्मच्या मापातील केंद्रांतर जितके मिलिमीटर, सेकंदाच्या तितक्या भागाहून अधिक वेळ शटर उघडे ठेवू नये. आपल्या संवेदकावर २०० मिमी म्हणजे फिल्मच्या मापाने ३०० मिमी. म्हणून सेकंदाचा ३०० वा भाग. कंपननिवारणाची सोय असलेल्या भिंगाने याहून बराच अधिक वेळ हातात धरूनही स्थिर वस्तूचे चित्र स्पष्ट येते. लांब पल्ल्याचे भिंग घेताना ही सोय भिंगात वा कॅमेऱ्यात आहे ना, ते पाहावे. मात्र ती आपला हात स्थिर करते. धावणाऱ्या खेळाडूला ती थांबवीत नाही.

एका शाळेचे उदाहरण

एखाद्या शाळेकडे १८ ते ५५ मिमीच्या भिंगासह कॅमेरा आहे आणि आणखी एकाच भिंगापुरते पैसे आहेत, असे मानू. मुख्याध्यापकांना वर्गांची समूहचित्रे हवीत. विज्ञानशिक्षकांना पक्ष्यांची नोंद ठेवावयाची आहे. विद्यार्थ्यांना रात्रीच्या स्नेहसंमेलनाची चित्रे हवीत.

समूहचित्रासाठी नवे भिंग नको. १८ मिमीला ५ मीटरवरून साडेसहा मीटर रुंदीची रांग मावते. पक्ष्यांसाठी ७० ते ३०० मिमीचे, ५.६ पर्यंतचे, कंपननिवारण असलेले भिंग योग्य. दिवसाच्या उजेडात ते पुरते. परंतु तेच भिंग संमेलनात निराशा करील. तेथे १० मीटरवरील रंगमंचासाठी ५० मिमी केंद्रांतराचे, १.८ आकड्याचे साधे भिंग बरे. त्याला झूम नाही. पण दहा मीटरवर ते ४.७ मीटर रुंदीचे दृश्य घेते आणि ५.६ च्या मानाने साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. शिवाय ते बहुधा झूम भिंगांपेक्षा स्वस्त असते.

१८ ते २०० मिमीचे एकच भिंग घेऊन तिघांचे समाधान होईल असे वाटते खरे; पण दूरच्या टोकाला तेही ५.६ किंवा ६.३ वरच येते, आणि संमेलनाचा प्रश्न जागच्या जागी राहतो. जो प्रवासात भिंगे बदलू इच्छीत नाही, त्याच्यासाठी ते सोयीचे आहे. या शाळेसाठी नाही. वर्षातील दोनशे दिवस पक्षी दिसतात आणि संमेलन एकदा होते, म्हणून शाळेने लांब पल्ल्याचे भिंग घ्यावे आणि संमेलनात १८ ते ५५ मिमीचे भिंग आखूड केंद्रांतरावर ठेवून रंगमंचाच्या अगदी जवळून चित्रे घ्यावीत, हे आमचे मत. दुसरी शाळा दुसरा निर्णय घेईल. तो हिशेबाने घेतला म्हणजे झाले.

खरेदी व निगा

भिंगाची बैठक आपल्या कॅमेऱ्याला जुळते की नाही, हे प्रथम पाहावे. एका कंपनीचे भिंग दुसरीच्या कॅमेऱ्यावर सहसा थेट बसत नाही. विटांच्या सपाट भिंतीसमोर उभे राहून दोन्ही टोकांच्या केंद्रांतरांवर एकेक चित्र काढावे. एक कोपरा इतरांपेक्षा अंधुक दिसल्यास ते भिंग घेऊ नये. वापरलेले भिंग घेताना त्यातून विजेरीचा झोत सोडून पाहावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी होय. कोकण, गोवा, केरळ, बंगाल अशा दमट प्रदेशांत तिचा उपद्रव फार. यास्तव भिंग कातडी पिशवीत कोंडून न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि वरचेवर वापरावे.

स्वाध्याय

प्रत्येक छायाचित्राबरोबर कॅमेरा त्या वेळचे केंद्रांतर व छिद्राचा आकडा नोंदवून ठेवतो. आपली शेवटची शंभर चित्रे संगणकावर उघडून ही नोंद वहीत उतरावी आणि प्रत्येक केंद्रांतरावर किती चित्रे काढली, याचा तक्ता करावा. बहुतेक चित्रे ५५ मिमीला येऊन थांबली असतील, तर लांब पल्ल्याचे भिंग हवे. ती १८ मिमीला अडली असतील, तर त्याहून आखूड केंद्रांतराचे, उदाहरणार्थ १० ते २० मिमीचे भिंग हवे. संध्याकाळची व घरातील चित्रे हलल्यासारखी दिसत असतील, तर अधिक प्रकाशाचे भिंग हवे. आणि चित्रे सर्व केंद्रांतरांवर सारखी विखुरलेली व स्पष्ट असतील, तर तूर्त कोणतेच भिंग नको. हा तक्ता घेऊन दुकानात जाणारा ग्राहक ‘अकरा पट’ या शब्दांनी भुलत नाही.