राखणीच्या कुत्र्याचीं दुखणीं व पालटलेला स्वभाव

शेतकऱ्याच्या पशुधनाची मोजदाद करितांना बैल, गाय, म्हैस, शेळी यांचीं नांवें घेतलीं जातात. गोठ्यापुढें व खळ्यावर रात्रभर जागणाऱ्या कुत्र्याची आठवण मात्र तें आजारी पडल्यावर किंवा कोणास चावल्यावर होते. मुक्या जनावराचें दुखणें बहुधा प्रथम त्याच्या वागणुकींत दिसतें. ती वागणूक ओळखतां आली नाहीं, तर प्रसंगीं घरच्या माणसाच्या जिवावर बेततें; म्हणून या विषयाचा येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रथम साधीं दुखणीं घेऊं. कुत्रें एकसारखें अंग खाजवीत असेल, तर त्याचे कान व बोटांमधील सांधी पाहाव्या. तेथें गोचिडी सांपडतात. त्या रक्त शोषितात इतकेंच नव्हे, तर तापाचे जंतूही अंगांत सोडितात. खाणें सुटणें व हिरड्या पांढुरक्या पडणें हीं अशा तापाचीं लक्षणें होत. गुरांवर फवारण्याचें औषध कुत्र्यास अंदाजानें लावूं नये. अंग चाटल्यानें विषबाधा होते. पिल्लाचें पोट सुटलेलें व केस राठ असल्यास जंतांचा संशय घ्यावा. दिवसभर साखळीस जखडलेलें कुत्रें चिडखोर होतें, हा रोग नव्हे; त्यास सकाळसंध्याकाळ मोकळीक द्यावी.

परंतु स्वभाव एकाएकीं पालटला, तर पिसाळण्याची शंका घेतलीच पाहिजे. या रोगाचीं दोन रूपें आहेत. पहिल्यांत कुत्रें काटक्यादगड चावतें, भटकतें, वाटेंत येईल त्याचा चावा घेतें. दुसरें रूप शांत, म्हणूनच अधिक फसवें. कुत्रें कोपऱ्यांत पडून राहतें, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळतां येत नाहीं. घशांत हाडूक अडकलें असें समजून मालक तोंडांत हात घालतो, आणि बोटांच्या भेगांतून लाळेंतील विष शरीरांत शिरतें. पिसाळलेल्या गाईम्हशीच्या बाबतींतही हीच चूक घडते. कुत्रें पाणी पितें म्हणून तें पिसाळलेलें नाहीं, ही समजूतही चुकीची आहे.

चावा किंवा ओरखडा होतांच जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें 15 मिनिटें धुवावी. चुना, तिखट, हळद कांहीं भरूं नये. त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. कुत्र्याचें पुढें काय होतें याची वाट पाहत बसूं नये. पाश्चर यांनीं 1885 सालीं मनुष्यास प्रथम ही लस टोचली. पोटांत टोचण्याची जुनी पद्धत आतां राहिली नाहीं. लस दंडांत देतात, व रक्त निघालें असल्यास जखमेंतही निराळें औषध टोचितात. लक्षणें दिसूं लागल्यावर मात्र बहुधा कोणताच उपाय चालत नाहीं.

पिल्लूं तीन महिन्यांचें होतांच त्यास लस टोचून घ्यावी, व पुढें पशुवैद्याच्या सल्ल्यानें ती दरवर्षीं द्यावी. बैलांच्या लसीकरणाचा दिवस आपण चुकवीत नाहीं. त्याच दिवशीं दारच्या राखणदारासही बरोबर न्यावें, एवढीच आमची वाचकांस सूचना आहे.