बरी झाली, तरी ती का थरथरत होती?



माझ्या बाबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी अकरावीत होते. आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला सुमारे चार तास. डिचोलीहून सकाळची बस धरून म्हापशाला जायचं आणि दुपारी परतायचं. सुयांचं बाबांना फारसं काही वाटत नसे. पण आदल्या रात्री ते सोप्यावर येरझारा घालत. आई विचारायची, "झोप येत नाही काय?" ते म्हणायचे, "येईल गो."

त्याच दिवसांत भेटायला आलेलं एक माणूस सहज बोलून गेलं, "विश्वास पक्का असला की भीती वाटतच नाही." बाबा नुसते हसले. त्यानंतर ते कुणाकडेच काही बोलेनात. घरी रोज तेर्स म्हणताना त्यांचा आवाजसुद्धा खाली गेला. आजारात आता ही आणखी एक लाज मिळाली होती.

हे वाक्य खरं आहे काय? शास्त्राच्या आधाराने तपासून पाहू.

१. बारा वर्षांचा आजार

मार्काच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात एक बाई येते. तिला बारा वर्षं रक्तस्राव होत होता. पुष्कळ वैद्य झाले, जवळचं सगळं संपलं, दुखणं मात्र वाढलं. त्यात तिच्या समाजाच्या नियमाप्रमाणे ती अशुद्ध. आपल्याकडे 'विटाळ' हा शब्द काय करतो हे कुणाला सांगायला नको. बारा वर्षं लोकांपासून लांब राहिलेली ही बाई गर्दीत मागून येते, येशूच्या वस्त्राला हात लावते आणि बरी होते.

गोष्ट इथे संपत नाही. येशू थांबून विचारतो, कोणी स्पर्श केला? आणि ती भीत, थरथर कापत पुढे येते. बघा, ती भीत आहे ती बरी झाल्यावर! दुखणं गेलं तरी भीती उरली होती. ती त्याच्या पाया पडते आणि सगळं खरं खरं सांगते. तो तिला 'मुली' म्हणून हाक मारतो आणि शांतीने जायला सांगतो.

म्हणजे शरीर बरं होणं आणि भीती जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक स्पर्शाने झाली. दुसरीसाठी तिला बोलावं लागलं, आणि कुणीतरी थांबून ऐकावं लागलं. येशू तेव्हा याईराच्या मरणोन्मुख मुलीकडे निघाला होता, घाई होती, तरी तो थांबला.

२. प्रत्यक्ष येशूची भीती

गेथशेमानेच्या बागेत येशू स्वतः व्याकूळ झाला. हा प्याला टळावा म्हणून त्याने प्रार्थना केली आणि मित्रांना जागं राहायला सांगितलं. ते झोपले. भीती म्हणजे अविश्वास असता, तर ही गोष्ट शुभवर्तमानात आलीच नसती. पौलानेही आपल्या देहातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही; त्यासह चालायला कृपा पुरेल, एवढं उत्तर मिळालं.

३. आपल्या भाषेतलं उदाहरण

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने. वाढत्या बहिरेपणामुळे ते शिक्षण राहून गेलं. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. श्रवणशक्ती काही परत आली नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करण्याचं काम त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत केलं. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. विश्वासाने त्यांचं बहिरेपण घालवलं नाही. बहिरेपणाने त्यांचं काम थांबवलं नाही.

४. घरी काय झालं

एका रात्री मी बाबांना हाच अध्याय वाचून दाखवला. 'थरथर कापत' या शब्दांवर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "परत वाच." मग बराच वेळाने बोलले. मशीनवर असताना बीपी उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधार येतो, त्याची त्यांना धास्ती होती. आपल्या खर्चापायी माझं शिक्षण सुटेल, ही दुसरी.

दुसऱ्या दिवशी आईने पहिली गोष्ट डॉक्टरांना सांगितली. त्यांनी गोळीची वेळ बदलली आणि दोन खेपांमधलं पाणी किती प्यायचं ते नीट समजावलं. दुसऱ्या गोष्टीवर आम्ही तिघं वही घेऊन हिशेबाला बसलो. बाबा आजही डायलिसिसला जातात. आदल्या रात्री कधी कधी अजून उठतात. पण आता आईला हाक मारतात.

म्हणून पेडणे-डिचोलीकडच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, तुमचा धर्म कोणताही असो, घरात दीर्घ आजार असेल तर औषध चुकवू नका, आणि आजाऱ्याला 'घाबरू नकोस' म्हणण्याआधी 'कशाची भीती वाटते?' हे विचारा. मग थांबून ऐका.

चर्चेसाठी प्रश्न

१. त्या बाईला सर्वांसमोर बोलतं करण्याची गरज येशूला का वाटली असेल?
२. बागेत झोपी गेलेल्या मित्रांसारखे आपण कधी वागलो आहोत?
३. 'विटाळ' या शब्दाने आजाऱ्याची भीती कशी वाढते?