समुद्रसहलीतील डोंगराचा दिवस

अलिबागला येणारा प्रवासी बहुधा समुद्रासाठी येतो. वाळूत फिरणे, ओहोटी साधली तर कुलाबा किल्ला पाहणे आणि मासळीचे जेवण, यातच त्याचे दोन-तीन दिवस सरतात. पूर्वेला उभ्या असलेल्या डोंगराकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः अलिबाग-पेण रस्त्यावरील खंडाळे हे गाव शहरापासून अगदी जवळ असून, तेथून सुमारे ४०० मीटर उंचीचा सागरगड पाहून त्याच दिवशी परतता येते. शालेय सहलीच्या आयोजकांनी या पायवाटेचा अवश्य विचार करावा.

डोंगराचा दिवस कोणता धरावा, हे पंचांगावरून ठरवणे सोयीचे पडते. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास या किनाऱ्यावर भर दुपारी उधाणाची भरती असते. ओहोटी सकाळी आणि सायंकाळी लागते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे अष्टमीच्या आसपास दुपारी ओहोटी येते. ही ओहोटी भांगाची असल्याने पाणी पुरेसे उतरत नाही. कुलाबा किल्ल्याकडे पायी जाण्यापूर्वी कोळी बांधवांना विचारलेलेच बरे. उधाणाच्या दिवशी मात्र दुपारचा किनारा सहलीच्या उपयोगाचा नसतो. तोच दिवस डोंगरासाठी राखावा.

खंडाळ्याहून उजाडताच निघावे. ही बाजू पश्चिमेची असल्याने सकाळी चढणीवर डोंगराचीच सावली मिळते. दुपारी तीच वाट उन्हाने तापते. धोंडाणे धबधब्याचे दर्शन घेत वाट सिद्धेश्वराच्या मंदिराशी पोहोचते व पुढे सागरगड माचीच्या वस्तीवर येते. गडाचे अवशेष त्याहून वर आहेत. मुले बरोबर असल्यास चढणीला तीन तास धरावेत. वर पडझड झालेली तटबंदी, पाण्याची टाकी आणि मुख्य डोंगरापासून सुटलेला वानरटोक नावाचा सुळका आहे. सुळक्याच्या बाजूचा कडा सरळ तुटलेला असल्याने तेथे मुलांना रांगेबाहेर जाऊ देऊ नये.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांत सागरगडही होता. हे वाक्य वर्गात वाचून विसरले जाते. गडावर उभे राहिल्यावर मात्र त्याचा अर्थ उमगतो. हवा स्वच्छ असेल तर खाली कुलाबा, वायव्येस खांदेरी व उंदेरी दिसतात. समुद्रात हालणारे प्रत्येक गलबत येथून टिपता येत असे. भूगोलाच्या शिक्षकालाही येथे फळ्याची गरज नाही. सकाळी जमिनीवरून वाहणारा वारा दुपारपर्यंत फिरून समुद्राकडून येऊ लागतो, आणि खालच्यापेक्षा वरची हवा दोन-अडीच अंशांनी थंड असते.

समुद्रावरची सवय डोंगरावर घातक ठरते. चपला घालून, हाती पाण्याची एक बाटली घेऊन निघालेली मंडळी दमट उकाड्यात अर्ध्या वाटेतच थकतात. प्रत्येकी किमान दोन ते तीन लिटर पाणी, पकड घेणारे बूट, टोपी आणि मीठ-साखर एवढे तरी हवेच. पावसाळ्यात निसरड्या दगडांमुळे, तर उन्हाळ्यात उष्म्यामुळे ही वाट मुलांसाठी टाळावी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दुपारी एकनंतर वर कोणी थांबू नये.

खरा धोका उतरल्यानंतरचा आहे. घामाघूम झालेली मुले थेट समुद्राकडे धावतात. उधाणाच्या दिवशी दुपारनंतर पाणी वेगाने ओसरत असते आणि थकलेले पाय त्या ओढीत टिकत नाहीत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या १४ विद्यार्थ्यांना प्राण गमवावे लागले, हे सहलीच्या आयोजकांनी विसरू नये. डोंगराच्या दिवशी समुद्रस्नान नाही, हा नियम निघण्यापूर्वीच पालकांना लेखी कळवावा.

पायथ्याच्या ग्रामपंचायतींनाही यात करण्यासारखे पुष्कळ आहे. माचीवरील तरुणांना वाटाड्याचे काम आणि घरगुती जेवणाची सोय यांतून मोसमी उत्पन्न मिळू शकते. त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. पायथ्याशी एक फलक असावा. त्यावर वाटेचा नकाशा, वर जाण्याची शेवटची वेळ, १०८ व ११२ हे क्रमांक आणि त्या दिवसाची भरती-ओहोटी खडूने लिहिलेली असावी.