गंधकाचा खडा कानाशी धरा

पालकहो, परवाच्या सभेत एक आई वही उघडूनच माझ्यापुढे आल्या. "बाई, अधातूंचे सगळे गुणधर्म पाठ आहेत हो तिचे, तरी अर्धा गुण कापलात." वहीत ओळ होती : सर्व अधातू ठिसूळ असतात. लेक शेजारीच उभी होती. तिला विचारलं, "ऑक्सिजन ठिसूळ आहे का गं?" ती आधी हसली, मग गप्प झाली.

ठिसूळपणा स्थायूंचा. अधातूंत तर वायूच जास्त, ब्रोमीन तेवढा द्रव. उरतात कार्बन, गंधक, स्फुरद, आयोडीन असे मोजकेच. त्यातला गंधक घरी आणता येतो. काष्ठौषधींच्या दुकानात मागा. जरा मोठा, लिंबाएवढा खडा घ्या. मुलाला तो मुठीत घट्ट धरून मूठ कानाशी न्यायला सांगा. बारीक तडतड ऐकू येते. गंधक उष्णतेचा दुर्वाहक. हाताच्या उबेने बाहेरचा थर फुगतो, आतला गारच राहतो आणि या ओढाताणीत खडा तडकतो. दुर्वाहक आणि ठिसूळ, पुस्तकातले दोन्ही शब्द एकाच मुठीत! (प्रत्येक खडा बोलेलच असं नाही, आमच्या प्रयोगशाळेतला एक अगदीच घुमा आहे.) नंतर हात धुवायचे. खडा गॅसवर मात्र धरायचा नाही, त्याचा धूर घसा जाळतो.

मग पेन्सिल दोन्ही टोकांना तासा. दोन सेल, लाल एलईडी आणि वायरचे तुकडे यांच्या जोडणीत ती मध्ये घाला. एलईडी लागतो. नाही लागला तर त्याचे पाय उलटे करून बघा. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, ग्राफाइट आणि माती असते. ग्राफाइट म्हणजे कार्बन, म्हणजे अधातूच, तरी वीज वाहतो. तोच कार्बन हिरा झाला की वीज अडवतो आणि निसर्गातला सगळ्यात कठीण पदार्थ ठरतो. एवढं डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला 'अपवाद' घोकावे लागत नाहीत. प्रयोग सेलवरच करा, भिंतीतल्या प्लगच्या वाटेला जाऊ नका.

आणि हो, तो अर्धा गुण मी अजून दिलेला नाही. 'सर्व' खोडून 'बहुतेक स्थायुरूप' असं तिने स्वतः लिहून आणलं की देईन. आईंनी लिहून दिलेलं चालणार नाही.