‘अनटिल’ आणि मराठीतला ‘नाही’

प्रश्न : ‘अनटिल’नंतर ‘नॉट’ का चालत नाही?

उत्तर : ‘तो येत नाही तोपर्यंत थांबा’ या वाक्यातील ‘नाही’ प्रतीक्षेची अवस्था सांगतो, तर ‘अनटिल’ ती अवस्था जिथे संपते तो क्षण, म्हणजे त्याचे येणे, दाखवतो, म्हणून ‘वेट अनटिल ही कम्स’ एवढेच म्हणावे लागते. ‘अनटिल ही डझ नॉट कम’ ही चूक निष्काळजीपणातून नव्हे, तर मातृभाषेच्या तर्कशुद्ध घडणीतून होते, हे शिक्षकांनी आवर्जून ध्यानात घ्यावे. ‘तो येईपर्यंत’ ही रचना मनात धरली, की नकार आपोआप गळतो. मुख्य वाक्यात मात्र नकार चालतो : ‘आय डिड नॉट ईट अनटिल ही केम’, म्हणजे तो येईपर्यंत जेवण झाले नाही. ‘टिल’चा अर्थ तोच, तो ‘अनटिल’चा संक्षेप नसून त्याहून जुना शब्द आहे.