जर्दाळूचे रोप घेण्यापूर्वी थंडीचा हिशेब करा

रमजानच्या दिवसांत आपल्या बाजारात खुबानी म्हणजे सुक्या जर्दाळूला चांगली मागणी असते. भाव पाहिला की गावाकडे थोडी जमीन असलेल्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या मनात येते, हे झाड आपल्याच शेतात लावले तर? रोपे विकणाराही सांगतो, "तुमच्याकडे हिम पडत नाही, झाडाला धोका नाही." या बोलण्यावर बचतीची रक्कम लावण्यापूर्वी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे शिवार समोर ठेवून हिशेब मांडू.

हिम व थंडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिम फुलाचे नुकसान करते; परंतु थंडी ही कळीची गरज आहे. पानगळीनंतर जर्दाळूचे झाड झोपी जाते. साधारण ७ अंशांखालील थंडीचे ठराविक तास पुरे झाल्यावरच कळी नीट जागी होते. आम्ही कापडवाले हे लवकर समजू शकतो. ताण्याला कांजी दिल्याशिवाय तो मागावर टिकत नाही, तसेच हे आहे. थंडी कमी पडली की फूट उशिरा व तुरळक येते, कळ्या गळतात आणि फळ धरत नाही. झाड जगते, पण उत्पन्न देत नाही.

आता आकडे पाहू. जर्दाळूच्या बऱ्याच जातींना ५०० तासांहून अधिक थंडी लागते. 'गोल्ड किस्ट'सारख्या कमी थंडीच्या जातीलाही सुमारे ३०० तास हवेत. आपल्या पठारावर थंडीची लाट आली तरच पारा ७ अंशांखाली जातो, तोही पहाटे. समजा, अशा १५ पहाटा आल्या व प्रत्येक वेळी ४ तास मिळाले, तर जमा झाले ६० तास. शिवाय दुपारचे कडक ऊन या कमाईतील काही भाग पुसून टाकते. सुक्या जर्दाळूसाठी प्रसिद्ध असलेले तुर्कस्तानातील मलत्या असो की आपले लडाख, दोन्हीकडे हिवाळ्यात पाणी गोठते.

पाण्याचा ताण देऊन डाळिंबाचा बहार धरता येतो, मग जर्दाळूचा का नाही, असे कोणी विचारील. ताणाने झाडाला विसावा मिळतो, परंतु थंडीची भरपाई होत नाही.

राळेगणसिद्धीचा धडा इथेच उपयोगी पडतो. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तेथे श्रमदानातून बांधबंदिस्ती झाली, पाणी अडवले गेले, झाडे लावली गेली. पाणी वाढले तरी गावाने भरमसाट पाणी पिणारा ऊस टाळला. आधी निसर्गाची शिल्लक पाहिली, मग पीक ठरवले. पाण्याला लावलेला हाच नियम थंडीलाही लावावा.

आमचा सल्ला असा की, अशा जमिनीत बोर, सीताफळ, आवळा किंवा पाण्याची सोय असल्यास डाळिंब लावावे. डाळिंबही इराणकडचेच, पण आपले ऊन त्याला मानवले. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. तेथे विचारून जात निवडावी. हौस म्हणून जर्दाळूची दोन रोपे परसात जरूर लावा, पण एकरभर नको. आणि रोपे विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: या जातीला थंडीचे किती तास लागतात? उत्तर आले नाही, तर सौदा तेथेच थांबवावा.