चिमूटभर मीठ, मूठभर गूळ : एका संशोधनाचा अभ्यास

‘संशोधन’ हा शब्द आपल्याकडे आता वरचेवर कानी पडतो. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकी कोणी औषधनिर्माणशास्त्रात, कोणी सार्वजनिक आरोग्यात, तर कोणी डिझाइनच्या शिक्षणात पुढे गेले आहेत. त्यांचे प्रबंध भेटीदाखल येतात, आम्ही ते कपाटात मानाने ठेवतो. मात्र संशोधन म्हणजे नेमके काय घडते, एखादा शोध प्रयोगशाळेतून निघून घरातल्या तांब्यापर्यंत कोणत्या वाटेने येतो, हे आम्ही मुलांना क्वचितच सांगतो. स्मरणिकेच्या निमित्ताने ती वाट एकाच उदाहरणावरून तपासावी, असे आम्ही ठरविले. उदाहरण जलसंजीवनीचे, म्हणजे ज्याला सारे ‘ओआरएस’ म्हणतात त्या मीठ-साखर-पाण्याचे आहे.

हे उदाहरण निवडण्यास एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी पालकसभा आटोपल्यावर एक गृहस्थ मागे रेंगाळले. धाकट्याच्या प्रवेशाबद्दल बोलता बोलता थोरल्याचा विषय निघाला. तो १९८९ च्या पावसाळ्यात, दीड वर्षाचा असताना, हगवणीने गेला होता. “पाणी पाजलं की आणखीच होतंय म्हणून घरच्या जाणत्या माणसांनी पाणी बंद केलं, गुरुजी. तो पाणी मागत होता.” एवढे बोलून ते उठले. आम्हांस उत्तर सुचले नाही. घरी येऊन आम्ही सालांचा हिशेब मांडला. ज्या ज्ञानाने ते मूल वाचले असते, ते तोवर एकवीस वर्षे छापील स्वरूपात उपलब्ध होते.

जुन्या पिढीला पटकी ठाऊक आहे. साथ आली की मरीआईचा गाडा सजवून वाजतगाजत शिवेपलीकडे लोटायचा आणि पुढच्या गावाने तो आणखी पुढे न्यायचा, ही रीत आमच्या आजीने डोळ्यांनी पाहिलेली होती. गाड्याबरोबर रोग जात नव्हता. पाण्यातून येत होता. लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवतीच्या मृत्यूंची मोजदाद करून हे दाखविले. पुढे रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त व कलकत्ता येथे जंतूची ओळख पटविली. हा भाग पाठ्यपुस्तकांत असतो, म्हणून तो येथेच सोडतो.

पाठ्यपुस्तकात नसलेले नाव शंभुनाथ डे यांचे. कलकत्त्यातील विकृतिशास्त्राचे हे प्राध्यापक तुटपुंज्या साधनांवर काम करीत. त्यांनी सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्हीकडून बांधून त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले, तेव्हा तो भाग पाण्याने फुगला. पुढे जंतू पूर्णपणे गाळून काढलेला द्रव वापरला, तरीही तेच घडले. जंतू आतडे कुरतडत नाही, तो विष सोडतो आणि त्या विषामुळे शरीरातील पाणी आतड्यात ओतले जाते, असा त्याचा अर्थ होता. हा निबंध १९५९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचे नाव सुचविले होते, परंतु मायदेशात त्यांच्या हयातीत त्यांचा मोठा गौरव झाला नाही. १९८५ मध्ये ते वारले. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला याची खंत वाटते.

डे यांच्या शोधातून एक मोलाची गोष्ट हाती आली. कॉलऱ्याचा रुग्ण आतडे सडून मरत नाही, तो कोरडा पडून मरतो. प्रखर आजारात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते आणि पाण्याबरोबर क्षारही जातात. गेलेले भरून काढले की माणूस वाचतो. शिरेतून क्षारद्रव देण्याचा उपाय कलकत्त्यातच लिओनार्ड रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केला होता व त्याने मृत्यू बरेच घटले होते. परंतु सलाईनला निर्जंतुक बाटल्या, सुया आणि शिकलेले हात लागतात. जेथे पटकी येते तेथे नेमके हेच नसते.

मग पाणी पाजावे, तर ते टिकत नाही. नुसते पाणी वा नुसते मीठपाणी जुलाबातून निघून जाते. त्या पालकाच्या घरची जाणती माणसे मूर्ख नव्हती. त्यांनी जे पाहिले त्यावरून निष्कर्ष काढला. त्यांच्या निरीक्षणात कमी होती ती साखरेची.

१९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग येथील एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. आतड्याच्या अस्तरावर एक वाहक असतो. तो ग्लुकोज आत घेतो, पण एकट्याने घेत नाही, सोडियमची जोड असेल तरच घेतो. मीठ आणि साखर जोडीने आत गेली की त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. विद्यार्थ्यांना आम्ही असे सांगतो की, कॉलऱ्याच्या विषाने पाणी बाहेर जाण्याचे दार सताड उघडते, परंतु आत येण्याचे हे दुसरे दार शाबूत राहते, आणि त्याची किल्ली साखर व मीठ एकत्र असण्यात आहे. क्रेन यांना कॉलऱ्याशी काही कर्तव्य नव्हते; ते साखर कशी शोषली जाते एवढेच शोधीत होते. ‘याचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्या पालकांना आम्ही हे उदाहरण देतो.

आता एक अवघड प्रसंग. क्रेन यांच्या सात वर्षे आधी, १९५३ मध्ये, हेमेंद्रनाथ चॅटर्जी या कलकत्त्याच्याच डॉक्टरांनी १८६ रुग्णांना तोंडावाटे मीठ व ग्लुकोजचे पाणी देऊन बरे केल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले होते. त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. वसाहतीतून नुकत्याच सुटलेल्या देशातील डॉक्टर, म्हणून दुर्लक्ष झाले काय? तसे झाले असेलही. पण त्यांच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि किती द्रव आत गेला, किती बाहेर आला याचा ताळेबंद नव्हता, हेही खरे आहे. आमच्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगितल्या पाहिजेत. अन्याय दाखविताना पुराव्यातील उणीव झाकली, तर आपल्याच मुलांना आपण कच्चे शिक्षण देतो.

मोजमापाचे महत्त्व मनिला येथे कळले. तेथे १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन नौदलाचे डॉ. रॉबर्ट फिलिप्स यांनी तोंडावाटे द्रव देऊन पाहिला. पहिले निष्कर्ष उत्साहवर्धक होते; पुढील प्रयोगात द्रव प्रमाणाबाहेर संपृक्त झाला आणि काही रुग्ण दगावले. फिलिप्स त्यानंतर या उपायाबाबत अत्यंत सावध झाले.

ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी १९६८ मध्ये गाठ सोडविली. त्यांनी ठरविले की, जितके बाहेर जाईल तितकेच, मोजून, आत द्यायचे. मोजायचे कसे? त्यासाठी कॉलऱ्याची खाट होती. कॅनव्हासच्या खाटेला मधोमध भोक आणि खाली बादली. रुग्णाला उठावे लागत नाही, अंथरूण भरत नाही आणि बादलीतील माप वाचता येते. डिझाइन शिकणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी ही खाट जरूर अभ्यासावी. तिच्यावाचून पुढील आकडे हाती आले नसते. त्या पद्धतीने शिरेतून द्यावयाच्या द्रवाची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली.

तरीही शंका उरली. प्रशिक्षित परिचारिका, मोजपात्रे, प्रयोगशाळा असताना हे जमले. चिखलात जमेल काय?

तो चिखल १९७१ मध्ये आला. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि सीमेवरील बनगावच्या छावण्यांत कॉलरा पसरला. कलकत्त्याहून डॉ. दिलीप महालनबीस तेथे गेले. ते तेव्हा ३६ वर्षांचे होते. रुग्णालयाच्या खोल्या भरून रुग्ण जमिनीवर पडले होते. ओकारी व जुलाबात गुडघे टेकून सलाईन लावावे लागे. थोड्याच दिवसांत सलाईन संपत आले. तेव्हा त्यांनी कलकत्त्याच्या संस्थेतील ग्रंथालयाच्या खोलीत मिश्रण तयार करविले. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, एवढेच त्यात होते. पॉलिथिनच्या पिशव्यांत भरून तोंडे गरम इस्त्रीने चिकटविली जात. छावणीत ते नळ लावलेल्या पिंपात कालवीत आणि कोणीही येऊन पेलाभर घेऊन जाई. पाजणारे हात बहुधा आई, बहीण वा शेजारीण यांचे होते. खर्च लिटरमागे ११ पैसे. सुमारे आठ आठवड्यांत ३,७०० हून अधिक रुग्णांवर उपचार झाले आणि मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. पूर्वी ते तीस टक्क्यांच्या आसपास होते.

‘लॅन्सेट’ने १९७८ मध्ये हा शतकातील सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरू शकेल, असे म्हटले. महालनबीस २०२२ साली निवर्तले आणि त्यानंतरच्या जानेवारीत त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

एवढ्याने काम संपले असते, तर १९८९ मधील ते मूल वाचले असते. पुढचा टप्पा प्रयोगशाळेत उलगडणारा नव्हता. बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० पासून दहा वर्षे घरोघर जाऊन सव्वा कोटीच्या आसपास कुटुंबांतील मातांना ‘लोबोन-गूर’ म्हणजे मीठ-गूळपाणी शिकविले. तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. प्रत्येक घरात भांडे निराळे, म्हणून अर्ध्या शेराची खूण त्याच घरच्या भांड्यावर करून दिली जाई. शिकविणाऱ्या बाईचा मोबदला घरांच्या संख्येवर ठरत नसे. महिन्याभराने तपासनीस निवडक घरी जाऊन त्या मातेला किती आठवते हे पाही, तिने केलेले पाणी तपासी, आणि त्यावर शिकविणारीचे पैसे ठरत. शिक्षक म्हणून हे वाचताना आम्ही काहीसे ओशाळलो. विद्यार्थ्याला महिन्याने किती आठवते यावर आमचा पगार ठरला असता, तर?

येथेही अपयश आले. मातांना कृती पाठ होती, पण मूल आजारी पडल्यावर त्या ती वापरीत नव्हत्या. शोध घेता कळले की शिकविणाऱ्यांचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता. तेव्हा त्यांना ढाक्यास नेऊन रुग्ण बरे होताना दाखविण्यात आले. दुसरे असे की, बंगाली खेड्यांत जुलाबाला चार निरनिराळी नावे होती आणि ‘डायरिया’ हे नाव त्यांतील केवळ जीवघेण्या प्रकाराला होते. ‘डायरिया झाल्यास पाणी द्या’ असे सांगितल्यावर माता उरलेल्या तीन प्रकारांत ते देत नसत. शिकविणाऱ्याचा शब्द आणि ऐकणाऱ्याचा शब्द यांत एवढी दरी पडू शकते. आपल्याकडेही ढाळ, जुलाब, हगवण, संडास लागणे हे सारे शब्द एकच अर्थ सांगतात काय, हे आरोग्यसेवेत गेलेल्या आमच्या मुलींनी वस्तीवर जाऊन विचारावे.

आम्ही सातवीच्या वर्गात चिमूट मोजण्याचा प्रयोग करतो. प्रत्येकाने तीन बोटांनी मीठ उचलायचे व विज्ञानकक्षातील तराजूवर ठेवायचे. दरवर्षी एखाद्याची चिमूट शेजाऱ्याच्या दुप्पट भरते आणि वर्ग हसतो. मग मनिलाची गोष्ट सांगितली की हसू थांबते. मीठ जास्त झाले तर हेच पाणी लहान मुलास अपाय करते. म्हणून शक्य तेथे तयार पाकीट वापरावे आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्याच स्वच्छ पाण्यात ते पूर्ण कालवावे. आजच्या पाकिटातील प्रमाणही १९७१ चे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये मीठ व ग्लुकोज दोन्ही घटवून ते सौम्य केले आणि २००४ पासून सोबत जस्ताच्या गोळ्या देण्याची शिफारस केली. पूर्वीचे सूत्र यशस्वी असतानाही ते पुन्हा तपासले गेले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलांनाच ओआरएस मिळाले. उरलेल्यांना का मिळाले नाही? कर्नाटक आणि बिहारमधील दोन हजारांहून अधिक खासगी वैद्यकांचा एक अभ्यास २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रुग्णाचा पालक बनून अभ्यासकांची माणसे दवाखान्यांत गेली. पाकीट मोफत उपलब्ध असणे वा विक्रीतील नफा यांपेक्षा मोठे कारण असे निघाले की, पालकांना ओआरएस नको असते, त्यांना ‘खरे औषध’ हवे असते, असा वैद्यकांचा समज होता. ज्या पालकाने आपण होऊन ओआरएसचे नाव घेतले, त्याला ते लिहून मिळण्याचे प्रमाण बरेच वाढले.

गेल्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर ते गृहस्थ पुन्हा आले होते. आता नातवाला घेऊन आले होते. आम्ही प्रवेशाचा अर्ज भरून घेतला आणि शाळेच्या औषधपेटीतील दोन पाकिटे त्यांच्या हाती दिली. त्यांनी चष्मा लावून मागील बाजूचा मजकूर सावकाश वाचला आणि विचारले, “गुरुजी, लिटर म्हणजे आमच्या घरचे किती तांबे?” विज्ञानकक्षातून मोजपात्र आणून आम्ही दोघांनी ते मोजले.